ठळक अक्षरांतलं नाव

आमच्या रूपालीचं लग्न झालं ते महापुराचं वर्ष, २०१९. लग्न मे महिन्यात झालं आणि ऑगस्टात पाणी वस्तीत शिरलं, म्हणून ते वर्ष मला पक्कं आठवतं. आणखी एक कारण आहे. तिच्या लग्नाची पत्रिका हा मी जन्मात पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत वाचलेला कागद. तेव्हा मी त्रेसष्ट वर्षांचा होतो.

मी गवंडी. चाळीस वर्षं लोकांच्या भिंती उभ्या केल्या आणि हजेरीवर अंगठा उठवला. रूपाली शिक्षिकेचं शिकत होती तेव्हा तिनं मलाच पहिला विद्यार्थी केलं. पाटी नव्हती, म्हणून पडक्या विटेवर कोळशानं अक्षरं काढून द्यायची. सगळ्यांत शेवटी जमला तो माझ्या पोराच्या नावातला 'र्ष'. संघर्ष. पोराचं नाव मीच ठेवलेलं, पण एकतीस वर्षं मला ते लिहिता येत नव्हतं. जमलं त्या दिवशी मी दारावर, घागरीवर, कोंबड्यांच्या खुराड्यावर तेच लिहीत सुटलो. पुढं कुठल्याही छापील कागदावर माझी नजर आधी 'ष'च्या डोक्यावरचा रफार शोधायची.

सही करायला शिकवताना रूपालीनं बजावलं होतं, "आबा, वाचल्याबिगर सही करायची न्हाय. माझ्या कागदावर बी न्हाय."

कुरुंदवाडच्या अलीकडं एका ओढ्याच्या काठाला आमची बौद्धवस्ती आहे. वस्तीची विहीर बहात्तरच्या दुष्काळात आमच्या बापलोकांनी खणली. कठडा नंतर मी बांधला. विहिरीकडं जायची वाट दुसऱ्याच्या रानातून होती आणि ती अडवली होती. त्या वाटेसाठी अठ्ठ्याऐंशी साली मोर्चा निघाला, त्याच आठवड्यात पोरगा जन्मला. मोर्चाच्या फलकावर एक शब्द मोठा काढलेला होता. शेजारच्याला विचारलं, हे काय लिहिलंय? तो म्हणाला, संघर्ष. घरी येऊन बायकोला सांगितलं, नाव सापडलं.

बायको अंजना रूपालीच्या वेळच्या बाळंतपणात गेली. दोन्ही पोरं माझ्या थोरल्या बहिणीनं, धोंडुबाईनं वाढवली. मी तिला अक्का म्हणायचो, पोरं आत्ती म्हणायची. अक्का लग्नानंतर चार वर्षांत पांढऱ्या कपाळानं परत आली होती. संघर्षला ती संगू म्हणायची. तो रसायनशास्त्र शिकला, कोल्हापुरात त्यानं पाणी-माती तपासायची प्रयोगशाळा काढली, तरी तो संगूच राहिला.

ओढ्याला वरच्या अंगाला एक कागदाचा कारखाना आहे. महापुरात त्याची सांडपाणी साठवायची टाकी फुटली. ती नीट बांधली नाही आणि मग घाण पाणी सरळ ओढ्यात यायला लागलं. २०२१च्या उन्हाळ्यापासून विहिरीच्या पाण्याला उकडलेल्या चिंध्यांसारखा वास येऊ लागला. पोरांच्या अंगावर चट्टे उठले. वस्तीनं तक्रार केली, तर कोल्हापूरच्या प्रदूषण मंडळाच्या कचेरीतून उत्तर आलं की मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल जोडा.

सरपंच अमरसिंह वस्तीत आला. तरणा माणूस, आवाज मोठा. माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, "तात्या, प्रयोगशाळा कुठं हुडकत बसताय? तुमचंच पोरगं हाय की!"

"चालंल का तसं?" मी विचारलं.

"न चालायला काय झालं? परका माणूस कारखान्याला फितूर हुईल. ह्यो आपला माणूस हाय."

अक्का आतून ओरडली, "संगूला फोन लाव. आन् म्हणावं, येताना जेवाय थांब. मागल्या खेपंला उपाशीच गेला."

मी फोन केला. दोन दिवसांनी संघर्षचाच उलटा फोन आला. "आबा, दिवाळीनंतर येतो नमुना घ्यायला. पण त्याच्या आधी विहीर उपसून घ्या. तळात गाळ असला की आकडे चुकतात. नवं पाणी येऊ दे, मग खरा नमुना मिळंल."

शिकलेल्या पोराचा शब्द. अमरसिंहनं मोटार दिली. दोन दिवस सगळी वस्ती राबली. बायकांनी घमेल्यांनी गाळ वर काढला, आम्ही म्हाताऱ्यांनी दगड घासले. तळातून कुणाची घागर निघाली, कुणाचा पितळी तांब्या निघाला. हशा, चहा, कांदाभजी. सणासारखे दिवस गेले. कारखाना दिवाळीसाठी आठ दिवस बंद होता आणि ओढ्यात फेस नव्हता, हे आम्ही सगळ्यांनी बघितलं. पण बघितलं आणि सोडून दिलं. झऱ्याचं पाणी भरत आलं, तळ दिसत होता. अक्कानं पहिली घागर भरली आणि म्हणाली, "बघ, अंजीच्या वेळचं पाणी."

संघर्ष गाडी घेऊन आला. बर्फाची पेटी, निर्जंतुक बाटल्या, हातमोजे. बाटली सोडली, भरली, लाख लावून बंद केली. दोर मी धरला होता. वस्ती गोल करून उभी होती आणि माझी छाती फुगली होती, हे खोटं सांगणार नाही. त्याच्या जन्मावेळी जिच्या वाटेसाठी आम्ही मार खाल्ला, त्याच विहिरीचं पाणी तो तपासत होता.

मग त्यानं गाडीच्या टपावर कागद पसरले. "पंच म्हणून सही लागती आबा. वस्तीतल्या माणसाची."

मी चष्मा लावला. वाचायचंच होतं मला. पण वरच्या ओळीत, ठळक अक्षरांत, मला रफार दिसला. संघर्ष.

"अरं, तुझं नाव छापलंय की रं कागदावर!"

संघर्ष हसला. "व्हय आबा," म्हणाला आणि पेन पुढं केलं. मी खालची एकही ओळ वाचली नाही. पोराच्या नावाचा कागद, त्याच्यात काय वाचायचं? दोन ठिकाणी सही केली. अमरसिंह म्हणाला, "तात्याची सही बघा, तलाठ्यापेक्षा देखणी."

महिन्याच्या अखेरीला अहवाल आला. समाजमंदिराच्या कट्ट्यावर वस्ती जमली आणि तो मोठ्यानं मी वाचला. आकडे मला कळले नाहीत, ते ओलांडले. शेवटची ओळ होती : 'सदर पाणी पिण्यास योग्य आहे.' ती मी दोनदा वाचली.

एक बाई म्हणाली, "म्हंजे आमचाच गाळ हुता म्हणायचा. दहा वर्सं उपसली न्हाय ना." लोकांनी माना हलवल्या. तक्रार कारखान्याची केली होती, दोष आम्ही आमच्या अंगावर घेऊन घरी गेलो.

अक्कानं तो कागद माझ्याकडून मागून घेतला. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फळीवर, अंजनाच्या फोटोमागं ठेवला.

जानेवारीत वास परत आला. फेसही आला. वस्तीनं पुन्हा तक्रार केली आणि पिण्याचं पाणी गावातल्या नळावरून, पाऊण मैलावरून आणायला लागली. अक्का मात्र विहिरीचंच पीत होती. मी अडवलं, तर फळीकडं बोट दाखवायची.

"कागद हाय की. संगूनं लिवलंय. तूच वाचून दावलास न्हवं?"

"अक्का, वास येतोय."

"नाकाला काय कळतंय! त्यो शिकलाय."

ऑगस्ट २०२२ला कोल्हापुरात सुनावणी लागली. मी आणि अमरसिंह वडापच्या जीपनं निघालो. रूपाली नेसरीला दिलेली, तिथंच शाळेत शिकवते. ती रजा काढून थेट कचेरीत आली. अक्कानं चार भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली होती. "संगू भेटंल तर त्याला दे. भेटाय जा. कोल्हापुरात हाय त्यो."

भेटायला जावं लागलं नाही. आम्ही खोलीत शिरलो तर संघर्ष आधीच बसलेला. मला वाटलं, आमच्यासाठी आला. मी हात केला, भाकरीचं फडकं वर करून दाखवलं. त्यानं मान खाली घातली. तेव्हा बघितलं, तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूला, कारखान्याच्या वकिलाशेजारी बसला होता.

सुनावणी घेणाऱ्या बाई मैथिली मॅडम. चाळिशीच्या, आवाज शांत. त्यांनी फाईल उघडली. "कारखान्यानं हा अहवाल जोडला आहे की विहिरीचं पाणी पिण्यास योग्य आहे."

अमरसिंह उठलाच. "मॅडम, त्यो अहवाल आमचा हाय की! आमी काढलाय!"

"तुम्ही काढलात, पण त्याचा उपयोग त्यांना झालाय. आणि ज्यांनी तपासणी केली ते आज इथं कारखान्याचे सल्लागार म्हणून बसलेत." त्या संघर्षकडं वळल्या. "केव्हापासून आहात?"

"आठ वर्षं," संघर्ष म्हणाला.

मी मनात मोजलं. आठ वर्षं म्हणजे रूपालीच्या लग्नाच्या कितीतरी आधीपासून.

मॅडमनी शेवटचा कागद काढला. "पंच गणपती कोण? आजोबा, ही सही तुमची?"

"व्हय."

"लिहिता-वाचता येतं?"

"येतं."

"वाचून केली?"

रूपाली माझ्याकडं बघत होती. मी म्हटलं, "न्हाय."

"का?"

"वर माझ्या पोराचं नाव छापलं हुतं. म्हटलं, घरचाच कागद."

कारखान्याचा वकील खुदकन हसला. मॅडम हसल्या नाहीत. कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाल्या, "आता वाचा. मोठ्यानं."

मी बोट ठेवून वाचलं. "हि-त-संबंधांचा संघर्ष नसल्याचे घोषणापत्र."

"हे नाव नाही आजोबा. संघर्ष म्हणजे इथं टक्कर. ज्याच्याबद्दल मत द्यायचं त्याच्याशीच मत देणारा बांधलेला असला, की त्याचं काम एकीकडं ओढतं आणि फायदा दुसरीकडं. त्याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. तपासणाऱ्यानं इथं लिहून दिलंय की तसं काही नाही. आणि तुम्ही साक्ष घातलीय."

अमरसिंह पुटपुटला, पण त्याचं पुटपुटणं खोलीभर ऐकू जातं. "म्हंजे लग्नात दोन्हीकडचा लाडू खाणारा मध्यस्थ म्हणा की."

"तसंच," मॅडम म्हणाल्या. "आणि आजोबा, तुम्हीही चुकलात. तपासणाऱ्याच्या बापानं पंच व्हायचं नसतं. तुम्हाला वाटलं, आपला माणूस आहे, आपल्या बाजूनं लिहील. बरोबर?"

"व्हय."

"कारखान्यालाही तेच वाटत होतं."

भाकरीचं फडकं मांडीवर होतं. त्याच्या गाठीशी माझी बोटं चाळा करत होती.

"एकच विचारते. नमुन्याच्या नोंदीतला सातवा रकाना वाचा."

वाचला. 'नमुना घेण्यापूर्वी विहीर उपसली होती काय?' पुढं शाईनं लिहिलं होतं, 'नाही'. अक्षर संघर्षचं. ते मी कुठंही ओळखेन. शाळेत असताना तो घरी गिरवायचा तेव्हा कंदील मी धरायचो, तेव्हा मला त्यातलं काही वाचता येत नव्हतं.

"उपसली होती?"

संघर्षनं पहिल्यांदा वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत लहानपणीचं बघणं होतं, काही फुटलं की तो आधी माझ्याकडं तसा बघायचा. मी हो म्हटलं तर त्याच्या प्रयोगशाळेची मान्यता जाणार, एवढं मला कळत होतं. नाही म्हटलं तर वस्तीत परत कुठल्या तोंडानं जायचं? त्या कठड्याची एकेक वीट माझ्या हातची होती.

"उपसली हुती," मी म्हटलं. "दोन दिवस. सगळ्या वस्तीनं. त्यानंच फोन करून सांगितलं म्हणून. आन् तवा कारखाना आठ दिवस बंद हुता."

मॅडमनी लिहून घेतलं. नवा नमुना, त्रयस्थ प्रयोगशाळेकडून, न कळवता घ्यायचा असा आदेश दिला. निकाल येईतो वस्तीला टँकर. मी खाली सही केली. या वेळी सगळं वाचून. अर्धा तास लागला, मॅडम थांबल्या.

बाहेर व्हरांड्यात संघर्ष आमच्या मागं आला.

"आबा, माझा एक बी आकडा खोटा न्हाय. बाटलीत जे पाणी हुतं, तेच लिवलंय."

"बाटलीत कुठलं पाणी यावं, ते कुणी ठरवलं?"

"कारखाना बंद पडला असता. आपल्या वस्तीतली बारा पोरं तिथं कामाला हायती. मी सगळ्यांचंच बघत हुतो. तुमचं बी आन् त्यांचं बी."

रूपाली मध्ये आली. "दादा, माझ्या लग्नाच्या पत्रिकेचा कागद कुठनं आणलतास? लई जाड, गुळगुळीत. तू म्हणालतास, मित्रानं दिला."

संघर्ष गाडीची किल्ली बोटांत फिरवायला लागला.

"कारखान्याचा हुता?"

"कागदच हुता की गं नुसता. त्यात काय?"

"आबांनी वाचलेला पहिला कागद हुता त्यो," रूपाली म्हणाली. "मला इचारायचं तरी."

मला पत्रिकेचं काही वाटलं नाही. खरं म्हणजे त्या घटकेला कशाचंच काही वाटत नव्हतं. एकच गोष्ट विचारायची होती. "तुझी आत्ती अजून त्याच विहिरीचं पाणी पिती. तुझ्या कागदावर भरवसा ठिवून. तुला ठावं हाय?"

तो भिंतीकडं बघत म्हणाला, "मी तिला फिल्टर आणून देणार हुतो."

अमरसिंहला ते आधी कळलं. त्यानं तोंडातल्या तोंडात शिवी घातली आणि जिना उतरून गेला. मला कळायला दोन पायऱ्या उतराव्या लागल्या. फिल्टर आणणार होता. म्हणजे पाणी कसं आहे, ते त्याला पहिल्यापासून माहीत होतं. आणि आणला का नाही? एका घरात फिल्टर दिसला असता तर वस्तीनं विचारलं असतं, कशाला.

भाकऱ्या मी त्याला दिल्या. अक्कानं दिलेल्या होत्या, त्या माझ्या नव्हत्या. त्यानं घेतल्या.

घरी पोचलो तेव्हा अक्का चुलीपुढं होती. "भेटला का संगू? वाळलाय का?"

मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. एकही गोष्ट गाळली नाही. फळीवरचा कागद काढला आणि म्हटलं, "अक्का, ह्यो कागद खोटा हाय. ते पाणी पिऊ नगंस."

तिनं कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि परत फोटोमागं ठेवला. "तूच वाचलंतास, योग्य हाय म्हणून. चारचौघांत. दोनदा."

"वाचलं. पर त्यात लिवलेलं खरं नव्हतं."

"मग तुला वाचाय येत न्हाय म्हण." तिचा आवाज चढला. "म्हातारपणी चार अक्षरं शिकलास आन् पोराला खोटं पाडाय लागलास? लेकराला मी दूध पाजलं न्हाय, बाकी समदं केलंय. त्यो मला इखारी पाणी पी म्हणंल?"

"त्यो पी म्हणाला न्हाय अक्का. त्यो पिऊ नगंस म्हणाला न्हाय."

"एकच झालं की मग! पाणी वाईट असतं तर म्हणाला असता!"

म्हणाला असता. तेवढे दोन शब्द मला अजून ऐकू येतात.

नव्या नमुन्याचा अहवाल दोन महिन्यांनी आला. पाणी पिण्यास अयोग्य. कट्ट्यावर तोही मीच वाचला, आकड्यांसकट, एकेक. अक्का ऐकायला आली नाही. कारखान्याला टाकी बांधायचा हुकूम झाला, संघर्षची मान्यता दोन वर्षांसाठी गेली. वस्तीनं विहिरीचा रहाट काढून ठेवला. अक्का स्वतःचा दोर घेऊन जायची. कठड्याशी मी तिला दोनदा धरलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "गणपा, मी टँकरचं पाणी प्याले तर संगू खोटा ठरतो. तू ठरव त्याला खोटा, तू बाप हाईस. मी न्हाय ठरवणार."

मग मी गुपचूप तिच्या घागरीत टँकरचं पाणी ओतून ठेवायला लागलो. तिला चवीवरून कळायचं. उचलून अंगणात ओतून द्यायची आणि रिकामी घागर घेऊन पुन्हा विहिरीकडं.

संघर्ष फिल्टर घेऊन आला तो डिसेंबरात. अक्कानं त्याला जेवू घातलं, तोंडावरून हात फिरवला आणि फिल्टर खोक्यातून काढू दिला नाही. "कशाला रं? आपलं पाणी चांगलं हाय की. तूच लिवलंस."

तो त्या वेळी खरं सांगू शकला असता. मी दारात उभा होतो, त्यासाठीच. त्यानं ताटातला शेवटचा घास उचलला आणि म्हणाला, "असू दे आत्ती. पावसाळ्यात लागंल."

फेब्रुवारीत तिच्या पायांवर सूज आली, मग तोंडावर. मूत्रपिंडं निकामी झाली होती. डॉक्टरांना मी विचारलं, पाण्यानं झालं का? ते म्हणाले, वय आहे, साखर आहे, नक्की सांगता येणार नाही. ते बरोबर बोलले असतील. त्यांनी दोन्हीकडचा लाडू खाल्ला नव्हता.

खोकं अजून फळीखाली आहे, न उघडलेलं. वरचा अहवाल मी काढलेला नाही.

माझी थोरली बहीण धोंडुबाई शुक्रवार, ता. १७ मार्च २०२३ रोजी सकाळी घरी वारली. वय चौऱ्याहत्तर.